चिंबोरीचं पाणी

हेमाबाई माणसाचं तोंड नंतर बघायच्या, आधी पाय. कर्जतच्या आमच्या कॉलेजात मी भूगोल शिकवायला रुजू झाले, त्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळ्यांनी माझं नाव, गाव, आडनाव आणि आडून आडून जातही विचारून घेतली. कोपऱ्यातल्या खुर्चीवर एक सावळ्या, बारीक अंगाच्या बाई बसल्या होत्या. त्या मात्र माझ्या चपलांकडे टक लावून बघत होत्या. मला वाटलं, चपलेला काहीतरी लागलंय, म्हणून मी पाय मागे घेतला. तशा त्या म्हणाल्या, "घेऊ नका मागे. अंगठा बाहेर फाकलाय तुमचा. डोंगरउतारावरच्या ना तुम्ही?" मी खालापूर तालुक्यातली, डोंगराच्या पायथ्याच्या गावची, अनवाणी चढउतार करून शाळेत गेलेली. मी हो म्हटलं. "वाटलंच. जशी जमीन तसा पाय. बसा," म्हणाल्या आणि आपला चहा प्यायला लागल्या.

त्या दिवशी मला हा शुद्ध आगाऊपणा वाटला. पुढे लक्षात आलं की शिपायापासून प्राचार्यांपर्यंत कुणाचेच पाय त्यांच्या तपासणीतून सुटलेले नव्हते. प्राचार्यांच्या पायांबद्दल त्या म्हणत, "खुर्चीत वाढलेला पाय." हे प्राचार्यांना कुणीतरी सांगितलं होतं, आणि ते बाई समोर आल्या की टेबलाखाली पाय ओढून घेत. मला त्यांनी नावाने कधी हाक मारली नाही. मी त्यांच्यासाठी कायमची 'भूगोल'. दहिवलीत त्यांच्या घरापासून दोन घरं सोडून मला भाड्याने जागा मिळाली आणि 'अहो भूगोल'चं 'अगं भूगोल' कधी झालं, ते दोघींनाही कळलं नाही.

बाई प्राणीशास्त्र शिकवायच्या. वाघ-सिंह, पक्षी, फुलपाखरं यांचं त्यांना काडीचं कौतुक नव्हतं. त्यांचा जीव अडकला होता समुद्राकाठच्या खडकांना चिकटून राहणाऱ्या छोट्या शंखांत. भरतीला पाण्याखाली आणि ओहोटीला उन्हात, असा ज्यांचा दिवस जातो, ते बोटाच्या पेराएवढे राखाडी शंख. आपण किनाऱ्यावर फिरताना त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. आत गोगलगायीसारखा मऊ जीव, त्याला एकच पसरट पाय, आणि सगळा जन्म त्या पायाच्या पकडीवर. कर्जतला समुद्राचं नखही दिसत नाही. इथे भाताची खाचरं आणि पलीकडे डोंगर. अशा गावात बसून ही बाई समुद्राच्या शंखांवर प्रबंध लिहीत होती, आणि तो कधी पुरा होईल असं त्यांच्यासह कुणालाच वाटत नव्हतं.

दरवर्षी थंडीत त्या मुलांना घेऊन किनाऱ्यावर जायच्या. सोबत म्हणून मी. मी मुलांना लाटांनी कडे कसे झिजतात ते दाखवायचे, आणि एकही पोर माझ्याकडे बघायचं नाही. सगळी बाईंभोवती. साडी गुडघ्यापर्यंत खोचून, ओहोटीच्या खडकांवर त्या शेळीसारख्या फिरायच्या. फक्त गुडघ्याच्या वर पाणी आलं की थांबायच्या, आणि पाठ कायम जमिनीकडे. मुलांनाही त्यांची ताकीद असे, "समुद्राला पाठ दाखवायची नाय. लाट विचारून येत नाय." एरवी शुद्ध बोलणाऱ्या बाईंच्या तोंडात किनाऱ्यावर उतरल्या उतरल्या माहेरची बोली यायची.

तिथे एक प्रयोग त्या दरवर्षी करून दाखवत. उघड्या टोकाच्या खडकावरचा एक शंख उचलत आणि खाडीच्या आतल्या, शांत पाण्यातला दुसरा. दोन्ही एकाच जातीचे, पण शेजारी ठेवले तर सावत्र भाऊ वाटावेत. टोकावरचा बुटका, पातळ कवचाचा, रुंद तोंडाचा, आणि त्या तोंडातून बाहेर येणारा पाय हा एवढा मोठा. खाडीतला उंच, जाड कवचाचा, तोंड चिंचोळं, पाय छोटा. टोकावर लाटा मारतात म्हणून पाय वाढतो. खाडीत लाट नसते पण चिंबोऱ्या, म्हणजे खाऱ्या पाण्यातले खेकडे, असतात, आणि त्या नांगी घालून शंख फोडतात, म्हणून तिथे कवच वाढतं आणि दार अरुंद होतं. एवढं सांगून बाई खाडीतला शंख टोकाच्या खडकावर ठेवायच्या. तो बिचारा चिकटायची धडपड करायचा. तिसरी-चौथी लाट यायची आणि खडक रिकामा. मुलं हसायची. बाई म्हणायच्या, "हसू नका. त्याचा काय दोष? त्याला लाट कधी भेटलीच नाय. पाय कुठून वाढवील तो?"

बाईंची मुलगी मुक्ता तेव्हा शाळेत होती आणि दरवर्षी आमच्या बसमध्ये असायची. एकदा तिने विचारलं, "मग आई, कुणी कुठं जायचंच नाही का?" बाई शंखाचा ओला काठ अंगठ्याने चाचपत होत्या. म्हणाल्या, "जायचं ना. पण लहानपणी. काठ वाढतोय तोवर गेलं, तर नव्या जागेचा पाय फुटतो. जुनं कवच आहे तसंच राहतं, पण पुढचं नवं येतं." शिक्षक उत्तर देताना उत्तर बघतो, पोर बघत नाही. बाईंनीही पाहिलं नाही की आपण कुणाला हे सांगतोय.

कारण मुक्ताला पाण्यापासून लांब ठेवणं, एवढा एकच हट्ट त्यांनी आयुष्यभर केला होता. बाईंचे वडील मच्छीमार. बाई पाचवी-सहावीत असताना ते होडी घेऊन गेले ते आलेच नाहीत. होडीच्या फळ्या आल्या, माणूस आला नाही. त्यांच्या गावात रीत अशी, की समुद्रावर निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही. काही राहिलं तर राहू द्यायचं, पण हाक नाही. त्या सकाळी छोट्या हेमाने मागून हाक मारली होती. वडिलांची तंबाखूची डबी घरी राहिली होती. ते वळले, परत आले, डबी घेतली, तिच्या टाळूवर टपली मारली आणि गेले. ही गोष्ट बाईंनी मला फक्त एकदा सांगितली, भाजी निवडता निवडता. मी म्हटलं, तुम्ही विज्ञान शिकवता, असल्या गोष्टी मनात ठेवता? त्या म्हणाल्या, "विज्ञान डोक्यात असतं गं भूगोल. हाक घशात असते."

लग्नाची वेळ आली तेव्हा त्यांनी एकच अट घातली होती, घरातून समुद्र दिसता कामा नये. त्यांना दहिवलीचं स्थळ मिळालं. भातशेतीचं घर, नवरा खोपोलीकडच्या कारखान्यात नोकरीला. माणूस चांगला होता असं सगळे सांगतात, मी त्यांना पाहिलेलं नाही. मुक्ता दुधाचे दात पाडत होती तेव्हा खालापूरजवळ, पाळीवरून घरी परतताना, एका ट्रकने त्यांच्या मोटरसायकलला उडवलं. पाण्याला भिऊन बाई इथे आल्या आणि इथे त्यांना रस्त्याने गाठलं. त्यानंतर घरात तिघी उरल्या. बाई, मुक्ता आणि बाईंच्या सासूबाई. त्यांना बाई आत्या म्हणत, मीही आत्याबाई म्हणायला लागले.

मुक्ताला बाईंनी तळहाताच्या फोडासारखं जपलं हे खरं, पण फोड जपणाऱ्याला दुसरं काही सुचत नाही हेही खरं. नदीवर पोहायला जायचं नाही. मैत्रिणींबरोबर धबधब्याला नाही. सायकल अंगणात. उशीर झाला की बाई फाटकाशी उभ्या, आणि मुक्ता आली की एक शब्द न बोलता आत. रागवल्या असत्या तर पोरगी भांडली तरी असती. ही नुसती आईच्या चेहऱ्याकडे बघायची आणि पुढच्या वेळी जायचंच रद्द करायची.

प्रबंधासाठी बाईंनी घराच्या पडवीत काचेच्या टाक्या मांडल्या होत्या. कॉलेजात सुट्टीत वीज बंद असे, म्हणून घरी. समुद्राचं पाणी कॅनमधून यायचं. त्या दिशेला कुणीही जावो, लग्नाला जावो की मयताला, बाई त्याच्या हातात रिकामे कॅन द्यायच्या. आत्याबाई वैतागायच्या. "आमच्या पडवीत भाताची पोती असायची, आता ही घाण. येणारा पावणा नाक धरून बसतोय गं." पण टाकीतलं पाणी उन्हाने आटलं की त्यात गोडं पाणी किती घालायचं, हे बाईंच्या मागे त्याच सांभाळत. मीठ हवेत उडून जात नाही, पाणी तेवढं जातं, हे त्यांना एकदा सांगून समजलं होतं. माझे बारावीचे विद्यार्थी अजून यात चुकतात.

दोन टाक्यांत खाडीतले छोटे शंख होते, वाढीच्या वयाचे. एका टाकीत साधं खारं पाणी. दुसरीच्या वर, स्टुलावर, एक टब होता आणि त्यात एक दणकट चिंबोरी. टबातलं पाणी नळीने खालच्या टाकीत ठिबकत राहायचं. चिंबोरी खाली येऊ शकत नव्हती, शंखांना ती दिसतही नव्हती. त्यांना फक्त तिचं पाणी मिळत होतं. तेवढ्यावर ते शंख बदलले. साध्या टाकीतले खात, फिरत, मोठे होत. चिंबोरीचं पाणी पिणारे मात्र दगडाखाली दडून बसत. त्यांची कवचं दुसऱ्यांपेक्षा जाड झाली. बाईंनी एक उघडून मला भिंगाखाली दाखवला. एवढ्या जाड घरात एवढासा जीव. मी म्हटलं, अंग कुठे गेलं याचं? बाई म्हणाल्या, "खाल्लंच नाय त्यानं. भीती जेवू देत नाय गं." हे सांगताना त्यांचा आवाज अगदी वर्गातला होता. त्यांना त्यात मुक्ता दिसली असेल असं मला तेव्हा वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही दिसली नव्हती.

मुक्ता बारावी झाली आणि तिने सांगितलं की तिला जहाजावर जायचंय. मालवाहू जहाजावर अधिकारी व्हायचंय, त्याचं शिक्षण असतं, तिने परीक्षाही दिलीय आणि निवडही झालीय. हे सगळं तिने आत्याबाईंना आधी सांगितलं होतं, मला नंतर आणि आईला सगळ्यात शेवटी. बाई काहीच बोलल्या नाहीत. हो नाही, नाही नाही. कॉलेजात यायच्या, शिकवायच्या, घरी जाऊन टाक्यांपाशी बसायच्या. मी विषय काढला की त्या उठून पाण्याचं तापमान बघायच्या. मुक्ताच्या प्रवेशाची शेवटची तारीख जवळ येत चालली होती आणि घरात भांडी घासल्याचे तेवढे आवाज होते.

त्याच थंडीत बाई तापाने आडव्या झाल्या. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली. अन्न बघितलं की मान फिरवायच्या. आत्याबाईंच्या पिढीला याच्यावर एकच औषध माहीत. आमच्याकडे पावसाळ्यात शेतातले खेकडे आणून त्यांचा रस्सा आजारी माणसाला देतात, त्याने अंगात ऊब येते आणि जिभेला धार येते. पण थंडीत शेतात खेकडा कुठून येणार? आत्याबाई पडवीत गेल्या आणि त्यांची नजर स्टुलावरच्या टबात गेली.

मी त्या संध्याकाळी बाईंना बघायला गेले, तेव्हा त्या उशीला टेकून बसल्या होत्या, कपाळावर घाम, आणि दुसरी वाटी तोंडाला. म्हणाल्या, "भूगोल, कित्येक दिवसांनी चव लागली बघ. आत्या, चिंबोरी कुठं मिळाली हो कर्जतला?" आत्याबाईंनी मोकळेपणाने सांगितलं, "मिळायची कुठं? आपल्या पडवीत होती की." बाईंच्या हातातली वाटी तशीच राहिली. मग त्या अगदी हळू म्हणाल्या, "आत्या, तुमी माजी डिग्री शिजवलीत." आत्याबाई म्हणाल्या, "मी शिजवली, पन पिलीस तू. दोन वाट्या." बाई हसायला लागल्या. हसता हसता त्यांना खोकला आला आणि मग रडू आलं. आत्याबाई घाबरून त्यांची पाठ चोळत राहिल्या. प्रबंधासाठी एवढं रडू येत नाही, हे आम्हा तिघींनाही कळत होतं.

दुसरी चिंबोरी लगेच आणता आली नाही. बाईंच्या अंगात ताकद नव्हती आणि त्या दिशेला जाणारं कुणी सापडलं नाही. टबातलं पाणी बदललं गेलं. महिना झाला, दीड झाला. एका रविवारी बाईंनी मला पडवीतून हाक मारली. दुसऱ्या टाकीतले शंख दगडाखालून बाहेर आले होते. काचेवर चढले होते, खात होते. बाईंनी एक उचलून माझ्या तळहातावर ठेवला. जाड कवच होतं तसंच होतं, पण त्याच्या काठाला एक पातळ, फिकट पट्टी नव्याने आली होती. बाई बराच वेळ त्या पट्टीकडे बघत होत्या. मग त्यांनी मला विचारलं की पुढच्या आठवड्यात अलिबागकडे कुणी जाणार आहे का. त्यांना चिंबोरी हवी होती. प्रयोग अर्धा राहिला होता.

इथे मला लिहायचा मोह होतोय की ती पट्टी बघून बाईंचे डोळे उघडले. तसं झालं नाही. शहाणपण भिंगाखाली दिसतं म्हणून गळ्याखाली उतरतंच असं नाही. चिंबोरी आणायची हे त्यांनी पक्कं ठरवलं होतं.

मुक्ता दारात उभी होती. टाक्या धुवायचं काम लहानपणापासून तिच्याकडे, तेव्हा तो प्रयोग तिला आमच्याइतकाच ठाऊक. ती पुढे आली. आवाज चढला नव्हता तिचा. म्हणाली, "आई, माझ्याही टाकीत चिंबोरी कधी नव्हतीच. तू फक्त पाणी सोडत राहिलीस."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. हातातला शंख त्यांनी जपून पाण्यात सोडला, हात पदराला पुसले आणि आत गेल्या. मुक्ता तिथेच खाली बसली आणि तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही तिनेच कुणालातरी बुडवलं होतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी कॉलेजात मधल्या सुट्टीत बाई माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "चिंबोरीचं कुणाला सांगू नको. नकोय मला." आणि मग खिडकीतून बाहेर बघत, "पोरीला बॅग घ्यायला पाहिजे. मोठी. चाकांची." चहा तसाच ठेवून त्या वर्गावर गेल्या.

मुक्ता शिकायला गेली. बाईंची भीती गेली नाही. ती जात नसते. वारा जरा जोरात सुटला की त्या आभाळाकडे बघत, आणि पोरगी तर पुण्याकडे वर्गात बसलेली. मी थट्टा केली की म्हणायच्या, "जुनं कवच कुठं टाकू? ते राहणारच. तिच्या पाण्यात सोडत नाय, तेवढं झालं." प्रबंध त्यांनी बांधून माळ्यावर टाकला. शंख मात्र आम्ही दोघी जाऊन पुन्हा खाडीत सोडून आलो.

मुक्ताचं शिक्षण संपलं, पहिल्या जहाजावर हजर व्हायचं पत्र आलं, आणि त्याच सुमाराला बाईंच्या पोटात दुखायला लागलं. इथल्या डॉक्टरांनी पनवेलला पाठवलं, तिथून मुंबईला. मी सोबत होते. गाठ होती आणि ती पसरली होती. परतीच्या वाटेवर खालापूर आलं. तिथे गाडी चहाला थांबली तेव्हा बाई म्हणाल्या, "मुक्ताला सांगायचं नाय."

मी भांडले. आयुष्यात बाईंशी मी तेवढं एकदाच भांडले. म्हटलं, तो तिचा हक्क आहे, ती तुम्हाला कधी माफ करणार नाही. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "माझ्या भीतीनं ती इतकी वर्षं थांबली. आता माझ्या दुखण्यानं थांबली तर मी काय केलं गं? तीच नळी, तेच पाणी." मी चहाचे पैसे दिले आणि आम्ही गाडीत बसलो.

मुक्ता निघाली ती सकाळ मला लख्ख आठवते. गाडी फाटकाशी आली, बॅगा चढल्या, पाया पडणं झालं. आत्याबाईंनी रव्याच्या लाडवांचा डबा बांधला होता. गाडी सुटली आणि माझं लक्ष ओट्याकडे गेलं. डबा तिथेच. बाईंनीही पाहिला. गाडी वळणावर हळू झाली होती, खिडकी उघडी होती, एक हाक पुरली असती. आत्याबाई ओरडल्या, "अगं हाक मार की गं तिला." बाईंनी पदराचा बोळा तोंडात धरला आणि मान हलवली. मी हाक मारायला तोंड उघडलं, तर त्यांनी माझा दंड असा दाबला की दोन दिवस वळ होता. गाडी वळली. मग त्या ओट्यावर बसल्या आणि डबा मांडीवर घेऊन, लहान मुलं रडतात तशा रडल्या. मी कुणाला असं रडताना पाहिलं नव्हतं.

पुढचे महिने लवकर सरले. बाई वाळत गेल्या. साडी नेसवता नेसवता आत्याबाई माझ्याकडे बघून डोळे पुसायच्या. इतक्या बारीक बाई आणखी बारीक होऊ शकतात हे मला खरं वाटत नसे. मुक्ताचा फोन आला की मात्र त्या वर्गातला आवाज काढायच्या. आत्ताच पेपर तपासत होते, भूगोल इथेच आहे, नेहमीसारखी डोकं खातेय. फोन ठेवला की घामाने चिंब. मी त्यांच्या खोटेपणावर चिडायचे आणि त्याच हाताने त्यांचं कपाळ पुसायचे.

बाई गेल्या तेव्हा मुक्ताचं जहाज भर समुद्रात होतं, बंदराला लागायला बरेच दिवस होते. अग्नी बाईंच्या पुतण्याने दिला. स्मशानातून माणसं परतली आणि आत्याबाई पडवीत, टाक्या असायच्या त्या जागेवर बसून राहिल्या. त्यांना तिथून उठवायला मला अंधार पडेपर्यंत लागलं. कॉलेजात शोकसभा झाली. प्राचार्य चांगलं बोलले. बाई शिस्तप्रिय होत्या, विद्यार्थिप्रिय होत्या. मी काही बोलले नाही, कारण बाईंची शेवटची आठवण माझ्याकडे जी होती ती सभेत सांगण्यासारखी नव्हती. ती इथे सांगते.

त्यांच्या जाण्याच्या आठवडाभर आधी, एका संध्याकाळी मुक्ताचा फोन आला. आवाज स्वच्छ येत होता. बाईंच्या हातात फोन धरायची शक्ती नव्हती, म्हणून मी तो मोठ्या आवाजावर करून उशीवर ठेवला. बाईंनी वर्गातला आवाज काढायचा प्रयत्न केला, पण तो निघालाच नाही. घसा बसलाय, म्हणाल्या. परीक्षा चालू आहेत. मग मुक्ता म्हणाली, "आई, आजीनं मला निघायच्या आदल्या दिवशीच सांगितलं होतं."

बाईंनी मान वळवून आत्याबाईंकडे पाहिलं. त्या उंबऱ्याशी सुपात तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही, पण सूप थांबलं.

"मला माहीत होतं आणि मी तरी गेले," मुक्ता म्हणाली. तिचा आवाज फुटत होता. "तुला राग आलाय का गं?"

"नाय," बाई म्हणाल्या. आणि मग, "भीती वाटते."

"येऊ का मी? पुढच्या बंदराला उतरते. येऊ का?"

बाईंनी डोळे मिटले. त्या हो म्हणतील असं मला वाटलं, आणि त्यांनी हो म्हणावं असंही वाटलं. "नको," त्या म्हणाल्या. "तिथलं सांग. आत्ता काय दिसतंय?"

मुक्ताने नाक पुसल्याचं ऐकू आलं. मग ती सांगायला लागली. सूर्य नुकताच बुडालाय. लाट उजव्या अंगाने येतेय, मोठी आहे पण सावकाश, अख्खं जहाज उचलते आणि खाली ठेवते. पाण्याचा रंग आता शाईसारखा झालाय. पहिल्या दिवशी खूप उलट्या झाल्या होत्या, आता झोपही लागते. ब्रिजवर, जहाज चालवतात तिथे, तिची पाळी आहे, काचेतून पुढे नुसतं पाणीच पाणी, आणि आई, तुला सांगते, मला ते बघून बरं वाटतं.

बोलता बोलता ती थांबली. तिला वाटलं असावं, आई झोपली. मलाही तसंच वाटलं होतं. मी फोनकडे हात नेला, तेवढ्यात बाईंचे ओठ हलले. आत्याबाई छोट्या मुक्ताला गोष्ट सांगायच्या तेव्हा ती जसं विचारायची, तसं बाईंनी विचारलं, "मग?"

मुक्ता पुढे सांगू लागली.